क्षेमसमाचार आणि उतारा : पहिल्या महायुद्धातील हिंदी सैनिकांच्या पत्रांचा वाङ्मयीन विचार

१

पत्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना मराठी समीक्षेने बहुधा एकच कसोटी हाताशी धरली आहे, आणि ती म्हणजे आत्माविष्काराची. पत्रलेखकाचे मन पत्रात किती मोकळे झाले आहे, त्याच्या व्यक्तित्वाचा अनपेक्षित असा कोणता पैलू तेथे उघड होतो, अनौपचारिकतेमुळे त्याच्या शैलीस कोणता ताजेपणा लाभला आहे, अशा प्रश्नांभोवती पत्रवाङ्मयाची चर्चा फिरत असते. 'कुसुमानिल' (१९७२) किंवा जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांचे संग्रह यांच्याबाबत ही कसोटी फलदायी ठरते, यात शंका नाही. परंतु या कसोटीच्या मुळाशी तीन गृहीते आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. लिहिणारा स्वतः लिहितो. वाचणारा स्वतः वाचतो. आणि या दोघांच्या मध्ये तिसरा कोणी उभा नसतो. ही तिन्ही गृहीते जेथे कोसळतात तेथील पत्रांचे मूल्यमापन कसे करावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणादाखल १९१४ ते १९१८ या काळात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांचा घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार घेतला आहे.

या पत्रव्यवहाराचा अलीकडे पुष्कळ अभ्यास झाला आहे. डेव्हिड ओमिसी यांनी 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर' (१९९९) या ग्रंथात सहाशेहून अधिक पत्रांतील मजकूर संपादित करून जिज्ञासूंस उपलब्ध करून दिला. शंतनु दास यांनी 'इंडिया, एम्पायर अँड फर्स्ट वर्ल्ड वॉर कल्चर' (२०१८) या ग्रंथात त्याच सामग्रीचा वाङ्मयीन व सांस्कृतिक अंगांनी परामर्श घेतला. या दोन्ही कार्यांचे ऋण मान्य करूनच पुढील विवेचन केले आहे. तथापि ही सामग्री हाती घेणारा सामान्य अभ्यासक, आणि त्यातही आमचे पदव्युत्तर विद्यार्थी, तिच्याकडे 'सैनिकाचा अस्सल आवाज' म्हणून पाहतात. या दृष्टीत एक मूलभूत घोटाळा आहे, असे आम्हांस वाटते.

२

प्रथम ही सामग्री कशी निर्माण झाली ते पाहणे अवश्य आहे. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी सैन्याच्या पहिल्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या. पुढील चार वर्षांत लढवय्ये व मजूर मिळून सुमारे १ लाख ४० हजार हिंदी माणसे फ्रान्समध्ये जाऊन आली. पायदळाचा बहुतेक भाग १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे वळविण्यात आला. घोडदळ मात्र १९१८ च्या वसंतापर्यंत तेथेच होते. जखमी सैनिकांसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर इस्पितळे उघडली गेली. ब्रायटन येथील राजवाडा हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध.

या सैन्याच्या टपालावर देखरेख ठेवण्यासाठी इव्हलिन हॉवेल या अधिकाऱ्याच्या हाताखाली एक स्वतंत्र कचेरी स्थापन झाली. लवकरच तिचे ठाणे बूलोन येथे स्थिरावले. हिंदुस्थानातून व परदेशांतून येणारे राजद्रोही वाङ्मय सैनिकांच्या हाती पडू नये, हा तिचा मूळ हेतू होता. पुढे सैन्याची मनःस्थिती अजमावण्याचे एक साधन म्हणूनही तिचा उपयोग होऊ लागला. उर्दू, हिंदी, गुरुमुखी इत्यादी लिप्यांतील पत्रे तेथे वाचली जात, निवडक पत्रांतील मजकुराचे इंग्रजी भाषांतर होई आणि ते उतारे साप्ताहिक अहवालास जोडून वरिष्ठांकडे जात. १९१५ च्या मार्चच्या सुमारास फ्रान्समधील हिंदी सैनिक आठवड्यास १० ते २० हजार पत्रे धाडीत होते. त्यांतील मूठभरांनाच उताऱ्याचे भाग्य लाभले, हे उघड आहे. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मूळ पत्रे अपवादानेच उरली आहेत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपण वाचतो ते पत्र नव्हे, उतारा होय. हा भेद केवळ पाठचिकित्सेचा नाही. पत्र आणि उतारा यांची घडणच परस्परांच्या उलट आहे, आणि म्हणून तो वाङ्मयीन भेद आहे.

३

त्या काळच्या खेडुताघरी जाणारे पत्र कसे असे, हे जुन्या पिढीतील कोणासही सांगावे लागणार नाही. आरंभी वडीलधाऱ्यांस नमस्कार. मग येथील सर्व खुशाल असून तुमची खुशाली सदैव इच्छितो, हे वचन. मग तुमचे पत्र पोहोचले किंवा बरेच दिवसांत पत्र नाही, याचा उल्लेख. मग पाऊसपाणी, पीक, गुरेढोरे, कर्ज, चाललेला एखादा खटला यांची विचारपूस. आणि शेवटी भाऊबंद, शेजारी, लहानथोर यांस नावानिशी रामराम किंवा सलाम. प्रदेशपरत्वे व धर्मपरत्वे शब्द बदलत. सांगाडा तोच राही. मराठी वाचकास तर या सांगाड्याची ओळख पेशवेकालीन दप्तरापासून आहे. 'येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे' हे वाक्य ज्याने हजारो पत्रांत वाचले आहे, त्यास युद्धभूमीवरील शिपायाचे पत्र अनोळखी वाटू नये.

आता बूलोनच्या कचेरीतील तपासनिसाची स्थिती कल्पावी. त्याच्यासमोर रोज शेकडो पत्रे येतात. सर्वांत नमस्कार आहे, सर्वांत खुशाली आहे, सर्वांत पिकांची चौकशी आहे. या मजकुरात त्याच्या वरिष्ठांस कोणतेच स्वारस्य नाही. यास्तव तो हे सर्व वगळतो आणि जे वेगळे, खळबळजनक किंवा संशयास्पद असेल तेवढेच टिपतो. कोणी जखमी शिपाई हे युद्ध महाभारतातल्यासारखे असून जगाचा अंत ओढवल्याचे कळवितो, ते टिपले जाते. कोणी भावास भरती होऊ नकोस म्हणून विनवितो, तेही टिपले जाते. कोणास फ्रेंच शेतकरणीने पोटच्या मुलासारखे वागविले, कोणी तेथील सुशिक्षित स्त्रिया पाहून आपल्या मुलींस शाळेत घालावे असे घरी लिहितो, हेही नोंदले जाते. हा सर्व मजकूर मोलाचा आहे. परंतु दहा ओळींच्या पत्रात तो दोन ओळींचा होता, ही गोष्ट उतारा आपणांस सांगत नाही. पत्रात जो अपवाद होता तो उताऱ्यात नियम झाला, आणि पत्राचा जो देह होता तो कचेरीतील केराच्या टोपलीतही पडला नाही; कोणी त्याची नक्कलच केली नाही.

याहून अधिक विचारात टाकणारी गोष्ट पुढेच आहे. बहुसंख्य पत्रे पुढे रवाना होत आणि यथाकाल घरी पोहोचत. ज्या पत्रांतील मजकूर आक्षेपार्ह ठरे त्यांतील ओळी खोडल्या जात, किंवा पत्रच अडकवून ठेवले जाई. म्हणजे आज आपण ज्या ओळी विशेष आवडीने वाचतो, त्यांतील काही घरी कधी पोहोचल्याच नाहीत. आणि घरी जे पोहोचले, चुलीपुढे वाचले गेले, जपले गेले, ते आपणांस मुळीच वाचावयास मिळत नाही. ज्याच्यासाठी पत्र लिहिले तो वाचक आणि ज्याच्या हाती ते आले तो अभ्यासक, या दोघांच्या वाट्यास एकाच पत्राचे भिन्न भाग आले. समीक्षकाने आपली भूमिका येथूनच ठरविली पाहिजे.

४

'सर्व खुशाल' या वचनास आत्माविष्कारवादी समीक्षक सांकेतिक, निर्जीव, साचेबंद अशी विशेषणे लावील. ही विशेषणे कितपत सार्थ आहेत?

फ्रान्सहून निघालेले पत्र गावी पोहोचण्यास तीन-चार आठवडे लागत. ते उघडले जाताच घरच्यांस प्रथम कळे ते एवढेच, की पत्रावरील तारखेस लिहिणारा जिवंत होता. ही खुशाली नेहमी महिनाभर जुनी असे, आणि आजही ती खरी आहे की नाही हे पत्र सांगू शकत नसे. म्हणून तर पुढील पत्राची वाट पाहावयाची. या स्थितीत खुशालीचे वाक्य हा पत्राचा उपचार नव्हता. तोच पत्राचा हेतू होता. बाकी सर्व मजकूर त्या वाक्यास सोबत म्हणून येई. आणि ते वाक्य ठराविक असणे हीच त्याची शक्ती होती. नेहमीचे शब्द नेहमीच्या क्रमाने आले म्हणजे मन निवांत होई. एखादा शब्द गळाला, एखाद्याचे नाव रामरामाच्या यादीत आले नाही, की घरची माणसे सावध होत. साचा जितका दृढ, तितका त्यातील बारीकसा फरक बोलका.

पत्र लिहिणारे व वाचणारे हात कोणाचे, हाही प्रश्न येथे येतो. बहुसंख्य शिपाई निरक्षर होते. पलटणीतील लिहिता येणारा सोबती किंवा लेखक त्यांची पत्रे लिही. गावी ती शाळामास्तर, टपालवाला किंवा एखादा दुकानदार वाचून दाखवी आणि ऐकावयास शेजारपाजार जमे. आपले बोलणे आरंभापासून अखेरपर्यंत चारचौघांत होणार, हे शिपायास ठाऊक असे. अशा पत्रात पत्नीस उद्देशून मन मोकळे करणे शक्य नव्हते. वडिलांच्या नावे लिहिलेल्या पत्रात 'घरातील मंडळींस' आशीर्वाद कळविणे, एवढ्यातच ते बोलणे सामावून जाई. ज्या वाक्यात आपणांस काहीच दिसत नाही, ते ऐकून माजघराच्या दाराआड कोणीतरी डोळे पुशीत असेल. हे आम्ही भावविवशतेने म्हणत नाही. अर्थ केवळ मजकुरात नसतो, तो मजकूर कोणत्या प्रसंगी उच्चारला जातो यावरही अवलंबून असतो, हा साहित्यशास्त्रातील जुनाच सिद्धान्त आहे. आमच्या प्राचीन आलंकारिकांनी वक्ता, श्रोता, स्थळ व काळ यांच्या वैशिष्ट्याने व्यंग्यार्थ कसा उमलतो याची चर्चा केली आहे. क्षेमपत्रास तीच दृष्टी लावावी, एवढेच आमचे म्हणणे.

मनीऑर्डरीचेही येथे स्मरण ठेवावे. रकमेसोबतच्या चिठ्ठीवर दोन ओळींपुरती जागा असे. आणि रक्कम मिळाल्याची पोच घेणाऱ्याच्या सहीने किंवा अंगठ्याने पाठविणाऱ्याकडे परत जाई. निरक्षर आईच्या अंगठ्याचा तो शाईचा ठसा पत्रवाङ्मयात कोणी गणणार नाही. परंतु 'आहे, मिळाले' एवढे तो निश्चित सांगे, आणि सैनिकाच्या पत्रानेही मुख्यतः तेवढेच सांगावयाचे असे.

५

आतापर्यंत साच्याच्या एका कार्याचा विचार झाला. त्याचे दुसरे कार्य म्हणजे लपविणे. आपले पत्र तपासले जाते, हे सैनिकांस लवकरच कळले. तेव्हापासून प्रत्येक पत्रास दोन वाचक झाले, एक घरचा आणि एक सरकारचा. घरच्यास कळावे व सरकारास कळू नये, यासाठी नित्याच्या व्यवहाराची भाषा उपयोगी पडली. काळे मिरे संपत आले असून आता तांबड्या मिरच्यांचा वापर चालू आहे, अशा अर्थाचा मजकूर एका पत्रात आढळतो. वरकरणी स्वयंपाकघराचा, आणि आतून हिंदी व गोरे सैनिक किती खर्ची पडत आहेत याचा हा हिशेब होता. तपासनिसास तो उलगडला म्हणूनच आपणांपर्यंत आला. न उलगडलेले असे किती हिशेब निर्वेध घरी पोहोचले असतील, याची गणती करणे शक्य नाही. निश्चित असे काही न बोलता बातमी पोहोचविण्यात पौर्वात्य निष्णात असतात, आणि 'नीट विचार करून समजून घ्या' अशा अर्थाचे शब्द आले की मजकुरात काही दडले आहे असे जाणावे, अशा आशयाचे निरीक्षण स्वतः हॉवेलने नोंदवून ठेवले आहे.

मराठी वाचकास ही रीत नवी नाही. पानिपतच्या पराभवाची वार्ता १७६१ साली नर्मदेच्या परिसरात नानासाहेब पेशव्यांस ज्या सावकारी पत्राने प्रथम कळली असे परंपरा सांगते, त्यातही दोन मोत्यांचा, सत्तावीस मोहरांचा आणि गणती नसलेल्या रुप्या-तांब्याच्या नाण्यांचा हिशेब होता. भाऊसाहेब व विश्वासराव यांचा अंत आणि लाखाच्या सैन्याचा संहार सावकाराच्या बोलीत सांगितला गेला. दोन्ही प्रसंगी बातमी भयंकर आहे, वाट अनोळखी हातांतून जाते, आणि रोजच्या देण्याघेण्याची भाषा हेच कवच ठरते. मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. सावकाराचे पत्र वाटेत उघडले जाण्याचा केवळ संभव होता. शिपायाचे पत्र उघडले जाणार हे ठरलेलेच होते. यामुळे त्याची राजनिष्ठेची वाक्येही जपून वाचली पाहिजेत. बादशहाच्या मिठाला जागण्याची भाषा काही ठिकाणी मनापासूनची असेल, काही ठिकाणी तपासनिसास घातलेला सलाम असेल. कोणती कोणती, हे एकट्या उताऱ्यावरून ठरविण्याचा आग्रह धरू नये.

६

येथे दोन आक्षेप संभवतात, त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की या उताऱ्यांत काव्य आहे त्याचे काय? गोळ्यांचा वर्षाव पावसाळ्यातील सरींसारखा, पडलेली प्रेते कापणीनंतर शेतात पसरलेल्या पेंढ्यांसारखी, अशा प्रतिमा त्यांत वारंवार येतात, आणि अभ्यासक त्यांची स्तुती करतात. स्तुती योग्य आहे. परंतु हे शब्द आपणांपर्यंत इंग्रजीतून आले आहेत. पंजाबी किंवा गढवाली शिपायाने सांगितले, लेखकाने बहुधा उर्दूत उतरविले, कचेरीतील दुभाष्याने इंग्रजी केले. अशा स्थितीत शब्दकळा, लय, वाक्याची ठेवण यांविषयी विधान करणे धाडसाचे होईल. प्रतिमा मात्र भाषांतरातही टिकते, आणि तिच्याबद्दल एवढे निश्चित म्हणता येते, की ती शेतकऱ्याने शेतकऱ्यासाठी निवडलेली आहे. तोफा न पाहिलेल्या बापास तोफखान्याची कल्पना द्यावयाची, तर दोघांनी पाहिलेला पाऊस हाच एक मार्ग. येथे प्रतिमा सौंदर्यासाठी आलेली नाही. अंतर तोडण्यासाठी आली आहे. तिचे सौंदर्य त्या गरजेतून निपजले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उतारा जर इतका सदोष, तर तपासनिसाने टिपून ठेवले नसते तर आपल्या हाती काय उरले असते? काहीच नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. ज्या सत्तेने ही पत्रे संशयाने उघडली तिच्याच कारकुनीमुळे ती अंशतः वाचली. घराने पत्र जपले खरे, पण वाळवी, पागोळ्या, स्थलांतर आणि विस्मरण यांपुढे घराचे जपणे टिकले नाही. यास्तव आम्ही उतारे त्याज्य मानीत नाही. त्यांचे वाचन कसे करावे, एवढेच सुचवितो. प्रत्येक उताऱ्याच्या मागेपुढे तुटलेला भाग आहे, तेथे नमस्कार होता, खुशाली होती, नावांची यादी होती, हे मनाशी धरून उरलेल्या ओळी वाचाव्यात. मग भरती न होण्याची विनवणी ही निव्वळ राजकीय प्रतिक्रिया राहत नाही. पीक कसे आहे, म्हैस व्याली का, असे विचारणाऱ्या माणसाची ती विनवणी ठरते. भाऊ घरी राहिला तरच शेत पिकणार, हा तिच्यामागील विचार दिसू लागतो. युद्धाविषयीचे मत आणि घराविषयीची काळजी ही एकाच पत्रातील दोन प्रकरणे नव्हेत, हे त्यावरून कळते.

७

शेवटी एका उणिवेकडे लक्ष वेधणे आमचे कर्तव्य आहे. उपलब्ध उताऱ्यांत पंजाब व उत्तर हिंदुस्थान यांचा आवाज मोठा आहे. मराठी आवाज क्षीण आहे. याचे कारण सैन्याच्या विभागणीत आहे. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये नव शापेल येथे लढल्या, परंतु मराठा पलटणींचा मुख्य ओघ मेसोपोटेमियाकडे होता. पूना डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी ७ डिसेंबर १९१५ पासून कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली. बूलोनच्या कचेरीत त्यांची पत्रे येण्याचे कारणच नव्हते. वेढ्याच्या त्या महिन्यांत नेहमीचे टपालही तुटलेले होते. खुशालीचे वाक्य येणे थांबले तेव्हा कोकणातील आणि सातारा भागातील घरांत काय झाले असेल, याची नोंद कोणत्याही साप्ताहिक अहवालात नाही.

या भागांतील कित्येक गावांत महायुद्धाचे दगडी फलक आजही आढळतात. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असे दोन आकडे त्यांवर कोरलेले असतात. नावे बहुधा नसतात. फलकावर संख्या आहे आणि उताऱ्यात प्रसंग आहे; या दोहोंत नसलेला माणूस पत्रात होता. मोडीत किंवा बाळबोधीत लिहिलेले एखादे पत्र, मनीऑर्डरीची एखादी चिठ्ठी, पेन्शनच्या कागदांसोबत गुंडाळून माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेली असण्याचा संभव अजून आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची गावे याच मुलखातील आहेत. सुट्टीत घरी जातील तेव्हा त्यांनी ती ट्रंक उघडून पाहावी. सापडलेल्या कागदात केवळ नमस्कार, खुशाली आणि नावांची यादीच असली, तर 'यात विशेष काही नाही' असे म्हणून तो परत ठेवू नये. तपासनिसाने नेमके तेच म्हटले होते. तो मजकूर ओळ न् ओळ, नाव न् नाव, जसाच्या तसा उतरून घ्यावा, आणि रामरामाच्या यादीतील माणसे कोण होती हे घरातील सर्वांत वृद्ध माणसास विचारावे.